सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला नाव नको, नंबरच हवा

काजळीकाठ (धागाकर्ता)

आमची छोटी टीम रत्नागिरीत आंबा बागायतदार आणि काजू कारखानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते. पेट्या किती गेल्या, दलालाकडून पट्टी (विक्रीचा हिशेब) कधी आली, गड्यांची हजेरी, काजू बीची खरेदी, असं सगळं त्यात असतं. आजवर प्रत्येक आवृत्तीला नंबर दिला, सध्या ३.९ चालू आहे. पुढच्या आवृत्तीपासून नावं द्यायची असं टीममधल्या बहुतेकांच्या मनात आहे. किल्ल्यांची यादीसुद्धा तयार झाली: सुवर्णदुर्ग, गोपाळगड, जयगड, रत्नदुर्ग, पूर्णगड, विजयदुर्ग.

मला हे अजिबात पटत नाही. नंबर बघितला की आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं ते कुणालाही कळतं. नावात ते कळत नाही. मॅकवाल्यांचं मोहावी आधी आलं की कॅटलिना, हे रोज मॅक वापरणाऱ्यालाही आठवून सांगावं लागतं. विंडोजचं एक्सपी, मग व्हिस्टा, आणि त्यानंतर एकदम ७. ज्याने तो काळ पाहिला नाही त्याला हा क्रम कळायचा कसा?

अँड्रॉइडचं उदाहरण तर सगळ्यांसमोर आहे. २००९ च्या कपकेकपासून २०१८ च्या पायपर्यंत इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने गोड पदार्थांची नावं दिली, आणि २०१९ मध्ये गूगलने सरळ ‘अँड्रॉइड १०’ म्हणायला सुरुवात केली. त्यांनीच कारण सांगितलं होतं की जगभरातल्या लोकांना ही नावं समजत नाहीत. काही भाषांत ल आणि र चे उच्चार वेगळे काढता येत नाहीत, पाय हा सगळीकडे गोड पदार्थ नसतो, मार्शमेलो कित्येकांनी पाहिलेलाच नसतो. एवढ्या मोठ्या कंपनीला दहा वर्षांनी जे उमगलं ते आपण पहिल्याच दिवशी का मानू नये?

आणि किल्ल्यांबद्दल माझा वेगळा आक्षेप आहे. उद्या आपल्याच नोंदवहीत ‘विजयदुर्ग कोसळतोय’, ‘सुवर्णदुर्ग बंद करून टाका’ असं लिहावं लागेल. मला ते लिहिणं जमणार नाही.

वेंगुर्ल्याची लेक

किल्ल्यांचा आक्षेप मान्य. बाकी एकही नाही.

मी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरच्या मदतकक्षात फोन घेते. मार्चअखेरचा दिवस डोळ्यांसमोर आणा. वाशीला जायची गाडी दारात उभी, हमाल पेट्या चढवतायत, आणि पलीकडून आवाज येतो, “अगो, प्रिंट येना नाय!” मी विचारते, काका, आवृत्ती कुठली? ते म्हणतात तीन पॉइंट एक. आता हे ३.१ आहे की ३.१०? शून्य दिसलं नाही, की दिसलं पण काकांनी सोडून दिलं? शाळेत दशांश अपूर्णांक शिकलेल्या माणसाच्या हिशेबी ३.१० म्हणजे ३.१च, आणि ते ३.९ पेक्षा लहान. त्यामुळे “मी नवीन टाकलं तर नंबर मागे कसा गेला?” म्हणून फोन येतात. काका बरोबरच बोलतायत, चूक नंबर लावणाऱ्यांची आहे.

तुमचं ३.९ नंतर काय येणार आहे, दादा? ३.१० च ना? मग हे फोन आता तुमच्याकडे येणार.

नाव असतं तर काकांनी एका शब्दात सांगितलं असतं आणि गाडी निघाली असती. नाव फोनवर नीट ऐकू येतं, ते सांगताना टिंब नि शून्य गाळलं जात नाही.

सर्व्हरवाला, चिपळूण

नाव नीट ऐकू येतं म्हणता, तर सर्व्हरवर चालणाऱ्या डेबियन या लिनक्स प्रणालीची ओळीने आलेली तीन नावं घ्या: बस्टर, बुलसाय, बुकवर्म. २०१९, २०२१, २०२३. तिन्ही ब वरून. रात्री अडीच वाजता सर्व्हर पडलेला असताना ‘बुलसाय की बस्टर’ हा घोळ ज्याने निस्तरलाय तोच जाणे. १०, ११, १२ म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता.

नंबराचा दुसरा फायदा कुणी बोललंच नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचा नंबर म्हणजे वर्ष आणि महिना. २२.०४ म्हणजे एप्रिल २०२२. ही दीर्घ मुदतीची आवृत्ती, नेहमीचा आधार (दुरुस्त्या मिळण्याची मुदत) पाच वर्षांचा, म्हणजे २०२७ च्या एप्रिलपर्यंत निश्चिंत. हा हिशेब मी तोंडी करतो. त्याच आवृत्तीचं नाव आहे जॅमी जेलीफिश. त्यावरून मी काय काढू? माझ्याकडे कारखान्यांची, पतसंस्थांची जुनी यंत्रं आहेत, आणि कुठलं आधी बदलायचं हे मी नंबरावरून ठरवतो.

मालवणची लॅब

सर्व्हरवाले, उबुंटूचा विषय काढलातच तर ६.०६ आठवा. ती आवृत्ती खरी एप्रिल २००६ ला यायची होती, म्हणजे ६.०४. काम लांबलं, सहा आठवडे उशीर झाला आणि ती जूनमध्ये आली. नंबर बदलावा लागला. डॅपर ड्रेक हे नाव मात्र पहिल्यापासून होतं तसंच राहिलं. काम चालू असताना नंबर पक्का नसतो, म्हणून तर करणाऱ्यांना नाव लागतं.

डेबियनमध्ये नावं आली तीही अशाच कारणाने. एका सीडी विकणाऱ्या कंपनीने अर्धवट झालेली आवृत्ती १.० म्हणून बाजारात आणली. लोकांना वाटलं हीच खरी १.०. शेवटी डेबियनवाल्यांनी १.० हा नंबरच सोडून दिला आणि १९९६ मध्ये पहिली टोपणनावाची आवृत्ती १.१ म्हणून काढली. तिचं नाव बझ. तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते, म्हणून त्यांच्या टॉय स्टोरी या चित्रपटातली पात्रं. फोल्डरला नाव दिलं की ते तयार आहे की नाही याचा कुणी अंदाज बांधत बसत नाही. नंबर दिसला की लोक गृहीत धरतात की माल तयार झाला.

आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेच्या बॉस लिनक्सला नंबर होते आणि नावंही होती. ५.० अनोखा, ६.० अनूप. मुलं नावानेच ओळखतात. माझी सूचना: वर्णमालेच्या क्रमाने नावं द्या. क्रमही राहील, नावही राहील. उबुंटूने तेच केलंय, आणि २०१७ मध्ये अक्षरं संपली तशी पुन्हा ए पासून सुरू केली.

काजळीकाठ

वर्णमालेचा विचार टीममध्ये झाला होता, आणि तो कागदावरच अडला. ङ, ञ, ण यांनी सुरू होणारं नाव मिळत नाही. ती अक्षरं गाळायची म्हटलं तर ‘ठ नंतर ड, ढ नंतर थेट त’ हे प्रत्येक नवीन माणसाला समजावत बसा. ऋ ची नावं सापडतील, पुढे ऐ, औ, अं? इंग्रजीत एक्सने अडतं, आपल्याकडे दर चार पावलांवर अडतं.

आणि हे फक्त नाव शोधण्यापुरतं नाही. संगणक अक्षरं युनिकोड या त्याच्या अक्षरसंचाच्या क्रमाने लावतो. त्यात ळ येतो ल आणि व यांच्यामध्ये, आपण शाळेत तो ह च्या नंतर म्हणतो. क्ष आणि ज्ञ वेगळी अक्षरं म्हणून येतच नाहीत, ती क आणि ज च्या पोटात जातात. म्हणजे फोल्डरमधला क्रम एक आणि माणसाच्या डोक्यातला क्रम दुसरा. नंबराच्या जागी हे सगळं ओढवून घ्यायचं?

६.०६ चा मुद्दा मात्र मी बाजूला ठेवत नाही. काम चालू असताना आतल्या आत टोपणनाव असायला माझी हरकत नाही. ते ग्राहकाच्या स्क्रीनवर येता कामा नये, एवढंच माझं म्हणणं.

वेंगुर्ल्याची लेक

वर्णमाला सोडा. क्रम आपल्या किनाऱ्यावर आखलेला आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे या: कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, गड, कर्ली, तेरेखोल. महामार्गाने सिंधुदुर्गात येणारा माणूस यांतल्या बहुतेक नद्या याच क्रमाने ओलांडतो. बांधावर उभ्या असलेल्या बागायतदाराला विचारा, शास्त्री आधी की मुचकुंदी, तो चुकणार नाही. ३.९ आणि ३.१० मध्ये तो चुकतो.

आणि दादा, स्वतःचं टोपणनाव तुम्ही काजळीवरून घेतलंत. स्वतःला हाक मारायला नाव हवं, मग वर्षभर राबून केलेल्या कामाला का नको? चार लोकांनी पावसाळाभर बसून केलेलं काम नुसत्या आकड्याखाली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सर्व्हरवाला, चिपळूण

ताई, तुमची यादी सुंदर आहे. पण वाशिष्ठीपाशी मी थांबलो.

२२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत पाणी भरलं. दुकानं, गोदामं, कागदपत्रं, संगणक, सगळं गेलं. मी त्यानंतर कित्येक दिवस लोकांच्या चिखलाने भरलेल्या हार्ड डिस्क धुऊन वाळवत होतो, त्यातून हिशेब परत मिळतील या आशेने. आता कल्पना करा, जुलैचा महिना, बाहेर धुवांधार पाऊस, आणि चिपळूणच्या व्यापाऱ्याच्या मोबाइलवर संदेश येतो: ‘वाशिष्ठी येत आहे, आपला डेटा सुरक्षित ठेवा.’ त्या माणसाच्या छातीत धस्स होईल. तो संदेश पुढे पाठवेल, आणि पंधरा मिनिटांत अख्ख्या गावात पळापळ होईल.

नावाला माणसाच्या आयुष्यातलं काहीतरी चिकटलेलं असतं आणि ते प्रत्येक गावात वेगळं असतं. २६.०२ या आकड्याने कुणाची झोप उडत नाही.

वेंगुर्ल्याची लेक

हे वाचून वाशिष्ठीचं नाव मी यादीतून काढते. चिपळूणकरांना असा संदेश जाता कामा नये.

पण त्यामुळे नावंच नकोत हे मला मान्य नाही. नाव निवडताना त्या त्या गावातल्या माणसाला विचारायचं, एवढं त्यावरून ठरतं.

देवगडचा बागायतदार

मी असलं सॉफ्टवेअर वापरणारा माणूस, बनवणारा नाही. तरी बोलतो, कारण ही भांडणं तुमची आणि भोगतो आम्ही.

तुमच्याआधी हा प्रश्न दापोलीच्या विद्यापीठाने सोडवलाय. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूचे वाण काढले, त्यांना नंबर: वेंगुर्ला १ पासून पुढे. आज कलम घ्यायला गेलो की आम्ही ‘चार नंबर द्या’, ‘सात नंबर द्या’ म्हणतो आणि नर्सरीवाला बरोबर तेच देतो. सातचं बी मोठं, हे सगळ्यांना ठाऊक. त्याच विद्यापीठाने आंब्याचे संकर केले, त्यांना मात्र नावं दिली: रत्ना, सिंधू. रत्ना नीलम आणि हापूसचा, सिंधू रत्ना आणि हापूसचा, बाठा अगदी पातळ.

मला यातून दिसतं ते असं. काजूचं कलम शेतकरी विकत घेतो आणि तोच वर्षानुवर्षं सांभाळतो, त्याला नंबर पुरतो. आंबा गिऱ्हाइकाच्या हातात जातो, त्याला नाव लागतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी कोण आहे ते आधी ठरवा. मी ते सांभाळणारा आहे. पाच वर्षांचे हिशेब त्यात आहेत. नवीन आवृत्ती टाकल्यावर माझ्या जुन्या पट्ट्या उघडतील का, एवढंच मला कळायला हवं. ते जयगड म्हणूनही कळत नाही आणि ३.१० म्हणूनही कळत नाही.

मालवणची लॅब

तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. प्रोग्रामर लोकांनी त्यासाठी नंबराचे तीन भाग करायची पद्धत काढली आहे. पहिला आकडा बदलला तर समजा की जुनं जसंच्या तसं चालेल याची खात्री नाही. मधला बदलला तर नवीन सोय आली, जुनं शाबूत. शेवटचा बदलला तर फक्त दुरुस्ती. हे पाळलं तर ३.९ वरून ३.१० ला जाताना तुमच्या पट्ट्या उघडायलाच हव्यात, ४.० ला जाताना आधी विचारा.

नंबरवाल्यांना मी एक मात्र सांगेन. नंबर रुक्ष असतो हेही खरं नाही. डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा नंबर दर दुरुस्तीला गणितातल्या पायच्या (π) किमतीजवळ सरकतो. २०२१ ची आवृत्ती ३.१४१५९२६५३. पुढे फारसं बदलायचं उरलेलं नाही, हे तो आकडाच सांगतो. इतका जीव ओतलेलं नाव मी कुठल्या आवृत्तीचं पाहिलं नाही.

काजळीकाठ

टीमशी बोललो. किल्ले रद्द, हे सगळ्यांना पटलं. ३.१० चा घोळ टाळायला आम्ही वर्ष आणि महिना घेतोय. पुढची आवृत्ती २६.०१, मोहोर येतानाच देऊन टाकायची, म्हणजे ऐन हंगामात कुणाला हात लावावा लागणार नाही. महिना नेहमी दोन आकडी, त्यामुळे ०९ नंतर १० आलं तरी कुणाला मागे गेल्यासारखं वाटणार नाही. आमच्यापुरतं टोपणनाव असेल, ग्राहकाला दिसणार नाही.

वेंगुर्ल्याची लेक

आणि बागायतदार काकांचा प्रश्न? २६.०१ मध्ये महिना दिसतो, जुनी पट्टी उघडेल की नाही ते कुठे दिसतं? तीन भागांच्या नंबरातून जे कळत होतं तेही तुम्ही काढून टाकलंत. शिवाय २०२८ मध्ये एखाद्याकडे २६.०१ व्यवस्थित चालू असेल, तरी आकडा बघून त्याला वाटेल आपलं जुनाट झालं, आणि विनाकारण हंगामात अपडेट करायला जाईल. नाव असतं तर त्याच्यावर वय लिहिलेलं नसतं.

काजळीकाठ

वय दिसावं असंच मला वाटतं. जुनं झालेलं सॉफ्टवेअर जुनं आहे हे लपवू नये. डेटाचा मुद्दा मात्र रास्त आहे. डेटा फाइलला वेगळा साधा नंबर देतो: १, २, ३. तो बदलला तरच जुन्या पट्ट्यांचं रूपांतर करावं लागेल.

देवगडचा बागायतदार

तो फाइलचा नंबर कुठे आत लपवू नका. बॅकअपचं बटण दाबलं की तिथेच मोठ्या अक्षरात दाखवा, आणि नवीन आवृत्तीचा वेगळा असेल तर टाकण्याआधी विचारा. हे केलंत तर वर जेलीफिश लिहा नाहीतर २६.०१, माझी तक्रार नाही.

वेंगुर्ल्याची लेक

माझी आहे. जानेवारीत २६.०१ गेलं की मार्चअखेरीस मदतकक्षाचे फोन मोजा, आणि त्यातल्या किती जणांनी नंबर पहिल्या खेपेला बरोबर सांगितला ते इथे लिहा. बहुतेकांनी बरोबर सांगितला तर मी नावाचा हट्ट सोडते.