मेळघाटच्या दूधवाल्यांचे हातमोजे: शुक्रवारपर्यंत ठरवायचं आहे

प्रेषक: खजिनदार, विनिपेग
विषय: हातमोजे, तातडीचं

मंडळी, नमस्कार.

मेळघाटात मोटरसायकलवरून घाट उतरून दूध पोचवणाऱ्यांसाठी हातमोजे पाठवायचे आहेत. इथे स्नोमोबिलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या, दुकानात मागच्या हंगामाचे मोजे निम्म्या भावात निघालेत. दुकानदारानं शुक्रवारपर्यंत बाजूला काढून ठेवलेत. दोन प्रकार आहेत: एक संपूर्ण चामड्याचा जाड, दुसरा कापडी, मनगटाच्या वर लांब रुंद तोंड असलेला, कोपराकडे जाणारा. आर्वीवाले दादा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गावाकडे निघताहेत, त्यांच्या एका बॅगेत जागा आहे. कोणता घ्यायचा ते सांगा. ब्लँकेटच्या वेळी सामान आल्यावर चर्चा झाली होती, या वेळी आधी करू.

---

प्रेषक: वरुडवाले काका, विनिपेग
विषय: उत्तर: हातमोजे, तातडीचं

चामड्याचे घेऊ नका. कोरड्या थंडीत ते चांगले, पण एकदा भिजले की पाणी पितात, आणि चुलीजवळ वाळवले की कडक होऊन भेगा पडतात. आपल्याकडे मोजे चुलीजवळच वाळणार.

कापडी घ्यायचे तर दुकानात हे बघा. बाहेरचं कापड, मधला पाणी अडवणारा पापुद्रा आणि आतलं ऊबदार अस्तर हे तीन थर वेगळे असतात. पापुद्रा नसला तर वरचं कापड कितीही चिवट असो, तासाभरात आत ओल येते. आणि माप सैल घ्या. घट्ट मोज्यात रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही, मग जाडी वाढवून काहीच होत नाही. अंगठा सोडून तळहाताचा घेर मोजायचा, बोटांच्या मुळाशी. दूध काढणाऱ्या माणसाची बोटं जाड असतात, म्हणून यादीत एकदम मोठी मापं धरा.

---

प्रेषक: परतवाड्याची ताई, मिनेसोटा
विषय: उत्तर: उत्तर: हातमोजे, तातडीचं

काका, थरांचं पटलं. पण स्नोमोबिलचा मोजा स्नोमोबिलसाठीच बनलेला असतो, हे कुणी बोललंच नाही.

त्या गाडीच्या मुठी विजेवर तापतात आणि पुढे काच असते. म्हणून त्या मोज्याची तळहाताची बाजू मुद्दाम पातळ ठेवतात, उष्णता आत यावी म्हणून. ऊब पाठीकडे भरलेली असते. मेळघाटात दूध वाहणाऱ्या माझ्या भावाच्या मोटरसायकलला ना गरम मूठ, ना काच. त्याच्या तळहाताला थंड रबरी मूठ आणि बोटांच्या पाठीला सरळ वारा. शिवाय स्नोमोबिलचा वेग उजव्या अंगठ्यानं धरतात आणि ब्रेक डाव्या हातात असतो. भावाच्या गाडीवर उजवी मूठ पिळायची, त्याच हातानं ब्रेक, डाव्या हातानं क्लच. घाट उतरताना तर दोन्ही हातांची चार बोटं सतत कलचवर आणि ब्रेकवरच असतात. जाड मोज्यात बोटाला लिव्हर कळलं नाही तर वळणावर काय होईल ते सांगायला नको.

थंडीचंही मोजून बघू. २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेनं वाऱ्याच्या गारठ्याचं जे सूत्र ठरवलं, त्यानं ५ अंश तापमान आणि ताशी ५० किलोमीटर वारा धरला तर उघड्या कातडीला उणे १ अंशासारखा गारठा लागतो. चिखलदऱ्याला पहाटे एवढं असतंच. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ पर्यंत उतरला होता, डोंगरावर काय असेल ते समजा. पण उणे ३० वर चालणारा मोजा तिथे नको. तिथला शत्रू ओलावा आहे.

---

प्रेषक: गोंदियावाली वहिनी, टोरोंटो
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: हातमोजे, तातडीचं

विणकाम गटाला कुणी विचारलंच नाही, म्हणून मीच लिहिते. लोकरीचे आतले मोजे आम्ही विणून देतोय हे मागच्या बैठकीत ठरलं होतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल पोटात घेऊनही हाताला ऊब देते. सुती मोजे घालू नका, मग भले ते कितीही मऊ असोत. सुत पाणी धरून ठेवतं आणि पाणी हवेच्या मानानं वीस-पंचवीस पटींनी जास्त झपाट्यानं उष्णता वाहून नेतं. प्रत्येकाला दोन जोड द्यायचे, एक हातात, एक पोटाशी खिशात. हे आमचं काम, खरेदीच्या यादीत घालू नका.

---

प्रेषक: हिंगणघाटवाले दादा, विनिपेग
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: हातमोजे, तातडीचं

वहिनी, लोकर चांगलीच, पण वारा सरळ आरपार जातो. वर काहीतरी पाहिजेच. आमच्याकडे शेतात फवारणीला जे पातळ रबरी मोजे घालतात ते लोकरीवर चढवले तर?



---

प्रेषक: परतवाड्याची ताई, मिनेसोटा
विषय: भावाचं म्हणणं

दादा, रबरी मोजा मुठीवर सटकतो आणि आत घाम साठून हात ओलाच होतो. फार तर लोकरीच्या आत घालावा, पातळ डॉक्टरी मोजा, म्हणजे घाम लोकरीत जाणार नाही. वरून नको.

काल भावाला फोन केला. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहिते:

"थंडी तं सोसते वं ताई. खरी पंचाईत पाण्याची हाय. घाट उतरला का मोजे चिंब. डेअरीवर क्यान उतरवाले मोजे काढाच लागते. मांगून घालाले गेलं तं आतलं कापड बोटाच्या बाहीर येऊन गोळा होऊन बसते. ओल्या हातानं ते आत कोंबतच राहतो मी. लोकं रांगेत उभे. मंग तसाच उघड्या हातानं वापस येतो. अन् जाड मोज्यानं कलच कुठी हाय तेच समजत नाई."

पावसाळ्यातही हेच. जुलै-ऑगस्टात धुकं आणि भिजपाऊस, त्यातून परतवाड्याला खाली यायचं, वाटेत ठिकठिकाणी दूध उतरवायचं.

---

प्रेषक: वरुडवाले काका, विनिपेग
विषय: उत्तर: भावाचं म्हणणं

अस्तर बाहेर येणं हा खरा दोष आहे, आणि तो महागड्या मोज्यांतही असतो. मधला थर आणि अस्तर बोटांच्या टोकाशी टाचलेले नसले की ओला हात काढताना अस्तर बोटाबरोबर येतं. खजिनदार, दुकानात हात पाण्यात बुडवून मोजा घाला, झटक्यानं काढा, पुन्हा घाला. दुकानदाराला सांगूनच करा. अस्तर जागेवर राहिलं तरच विचार करू. किंवा आतला मोजा वेगळा निघणारा असेल तर तो वहिनींच्या मोज्यानं बदलता येईल.

त्या लांब रुंद तोंडाचंही सांगतो. ते बर्फासाठी आहे, बर्फ बाहीत शिरू नये म्हणून बाहीवर चढवतात. पावसात उलटं होतं: बाहीवरून ओघळलेलं पाणी त्या तोंडातून आत बोटांपर्यंत जातं. पावसासाठी आखूड मनगटाचा मोजा घ्यायचा आणि रेनकोटची बाही त्यावर ओढायची.

---

प्रेषक: खजिनदार, विनिपेग
विषय: उत्तर: उत्तर: भावाचं म्हणणं

दुकानात जाऊन पाहिलं. अस्तर बाहेर येतं. निघणारा मोजा त्यांच्याकडे नाही. म्हणजे हे घ्यायचं नाही असंच धरू का?

---

प्रेषक: परतवाड्याची ताई, मिनेसोटा
विषय: हँडल कव्हर

माझं मत पक्कं आहे: मोज्यांवर पैसे घालू नका, हँडलवर घाला. हँडलवर चढवायची रेक्झिनची पिशवी, तोंड चालवणाऱ्याकडे, हात आत घालायचा. वारा आणि पाणी बाहेरच राहतं, आत पातळ लोकरी मोजा पुरतो, बोटाला कलच कळतो. डेअरीवर हात काढला की मोकळा, परत घातला की झालं. इथे स्नोमोबिलवाले, बर्फावर मासे धरायला जाणारे हेच वापरतात. परतवाड्यात सीट कव्हर शिवणारा कुणीही शिवून देईल. इथून बॅगेत भरून न्यायलाच नको, आर्वीवाल्या दादांनी फक्त नमुना न्यावा.

---

प्रेषक: हिंगणघाटवाले दादा, विनिपेग
विषय: उत्तर: हँडल कव्हर

कल्पना मान्य, पण एक धोका सांगतो. मऊ पिशवी वाऱ्यानं आत दबते आणि ब्रेकच्या लिव्हरला टेकते. पुढचा ब्रेक अर्धवट लागलेला राहतो आणि मागचा लाल दिवा पेटलेला राहतो. घाटात हे चालणार नाही. हात पटकन बाहेर येत नसेल तर पडताना मनगट मुरगळेल ते वेगळंच. तोंड रुंद हवं, आणि आत कडक पत्रा किंवा प्लास्टिकचा साचा.

---

प्रेषक: परतवाड्याची ताई, मिनेसोटा
विषय: उत्तर: उत्तर: हँडल कव्हर

बरोबर आहे. आधी हँडगार्ड बसवायचा, तो पुढून लिव्हरला राखतो, त्यावरून पिशवी. खालच्या टोकाला पाणी निघायला एक भोक. आरसा आणि बटणांच्या जागा मात्र प्रत्येक गाडीत निराळ्या. भावाकडे एक गाडी आहे, बाकीच्या मुलांकडे दुसऱ्या.

---

प्रेषक: गोंदियावाली वहिनी, टोरोंटो
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: हँडल कव्हर

मग लोकरीचे मोजे पातळ विणायचे का जाड? आमच्या बायकांनी जाड सुरू केलेत. आजच सांगा, उद्या सगळ्या माझ्याकडे विणायला येणार आहेत.

---

प्रेषक: खजिनदार, विनिपेग
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: हँडल कव्हर

वहिनी, पातळ. झालेले जाड आर्वीवाल्या दादांबरोबर पाठवा, घाट चढून परत जाताना उपयोगी पडतील, तेव्हा क्लच-ब्रेकवर इतकी बोटं लागत नाहीत.

दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. ताई, भावाला सांगून सगळ्या गाड्यांचे हँडलचे फोटो मागवा, उजवी आणि डावी बाजू वेगळी, लिव्हर दाबलेली आणि सोडलेली. रविवारच्या आत आले तर दादांबरोबर एक नमुना शिवून देता येईल. हँडगार्डचे पैसे ब्लँकेटच्या उरलेल्या रकमेतून निघतात का ते मी आज रात्री बघतो. हिंगणघाटवाले दादा, पिशवीच्या तोंडाची रुंदी किती ठेवायची तेवढं कळवा.