उंबऱ्यापाशी अजून पाय उचलतो

आमचा कुत्रा शेरू जाऊन दोन महिने झाले. साडेबारा वर्षांचा होता, किडन्या गेल्या. शेवटचे तीन आठवडे एक दिवसाआड सलाईन. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीला बाहेर टाकता न आलेल्या रक्तातल्या कचऱ्याचा, आकडा उतरला की घर हसायचं, चढला की कुणी कुणाशी बोलायचं नाही.

तो झोपायचा बरोबर खोलीच्या उंबऱ्यावर, आडवा. रात्री पाण्याला उठलं की त्याला ओलांडूनच जावं लागायचं. अंधारात, झोपेत, पाय आपोआप उंच उचलला जायचा. अजून उचलला जातो. तो पलीकडे फरशीवर टेकला की जाग येते आणि मग सकाळपर्यंत डोळा लागत नाही.

ज्यांनी हे सोसलंय त्यांनी लिहा. ‘दुसरा आणा’ सोडून काहीही चालेल. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. शेवटची वेळ कशी गेली? आणि ‘आपलंच काहीतरी चुकलं’ हे डोक्यात फिरत राहतं ते कधी थांबतं?

*

डॉलीला झोपवायचा निर्णय माझा होता. चौदा वर्षांची लॅब्रेडॉर, मागचे पाय गेलेले. डॉक्टरांनी आदल्या आठवड्यात हातात एक कागद दिला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण, बेरीज ३५च्या वर गेली तर अजून वाट बघायला हरकत नाही. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी बसवलेली मोजपट्टी आहे ती. मी आणि नवऱ्याने वेगवेगळ्या खोल्यांत बसून गुण दिले. माझे ३८, त्याचे २६. आधी भांडलो. मग कागद शेजारी ठेवले तर मी ‘आनंद’ला नऊ दिले होते, कारण मी दिसले की ती शेपटी हलवायची. तो म्हणाला, “अगं, आता तिची शेपटीच तेवढी हलतेय.”

प्रत्यक्षात काय होतं ते आधी विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. डोळे मिटत नाहीत. हृदय थांबल्यावर थोड्या वेळाने तिने मोठा श्वास घेतल्यासारखं झालं आणि मी ओरडले, ‘अहो, आहे ती!’ डॉक्टरांनी न बोलता स्टेथोस्कोप माझ्या कानांत घातला. काहीच नव्हतं. स्नायू आखडतात त्याने तसं होतं म्हणे. लघवीही होते, अंगाखाली जुनी चादर असू द्या.

चूक एक झाली. धाकट्याला सांगितलं, “डॉलीला झोपवलं.” पोराने चार रात्री झोपायचं नाव घेतलं नाही. पाचव्या रात्री ‘मेली’ म्हणाले तेव्हा तो रडला, खूप रडला, आणि झोपला.

*

मी बाहेर थांबलो होतो. बघवणार नाही म्हणून. तो शेवटपर्यंत दाराकडे बघत होता, असं तिथल्या मदतनिसाने नंतर सांगितलं. त्याने सांगायला नको होतं, आणि मी थांबायला नको होतं. आठ वर्षं झाली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं: थांबलं नाही, बोथट झालं.

*

मी पशुवैद्य आहे. ‘आधी आणलं असतं तर?’ हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. शेरूच्या बाबांना खास सांगायचंय: रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं साधारण पाऊण काम बंद पडलेलं असतं. तोवर कुत्रा खातो, पळतो, दाराची बेल वाजली की भुंकतो. तुमचं काय बघायचं राहिलं? बघण्यासारखं काही नव्हतंच.

आणि आता माझी गोष्ट. माझी गोल्डन रिट्रीव्हर, नऊ वर्षांची. आदल्या रात्री माझ्याबरोबर तीन जिने चढली. सकाळी उठेना. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. त्याच क्षणी कळलं, पोटात रक्तस्राव होतोय. प्लीहेत गाठ होती, ती फुटली होती. या जातीत हे पुष्कळ दिसतं आणि फुटेपर्यंत ती गाठ बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. हे मी शेकडो लोकांना समजावलंय. तरी दोन वर्षं मी रोज रात्री मनातल्या मनात तिचं पोट चाचपत होते. ज्या हातांनी दुसऱ्यांची कुत्री तपासते, तेच हात रोज तिच्या पोटावरून फिरत होते हो.

*

आमचा काळू कुणाचाच नव्हता. रस्त्यावरचा. मी नऊ वर्षं रोज सकाळी त्याला खायला घातलं, तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचा, तिथे त्याची हद्द संपायची, तिथून बघत बसायचा. गाडीखाली गेला. ऑफिसात डोळे सुजलेले पाहून एकाने विचारलं, सांगितलं, तर म्हणतो, “अरे पण तुझा कुठे होता?”

या प्रकाराला नाव आहे हे नंतर वाचलं. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८० च्या दशकात मांडलं: जे दुःख करायचा हक्कच लोक मान्य करत नाहीत, जे उघड करता येत नाही, असं दुःख. नाव मिळाल्याने रडू कमी झालं नाही, पण आपण वेडे नाही एवढं समजलं. आणि तसं म्हणाल तर युधिष्ठिराच्या मागे चालत आलेलं कुत्रं तरी त्याचं कुठे होतं? वाटेत मागे लागलं होतं. तरी इंद्राचा रथ समोर उभा असताना तो म्हणाला, याला सोडून येणार नाही. त्या सहकाऱ्याला हे सांगायचं त्या वेळी सुचलं नाही. अशा गोष्टी नेहमी निघून आल्यावर, जिन्यात सुचतात.

*

आमच्याकडे दोघी होत्या. थोरली गेल्यावर धाकटीने खाणं टाकलं. डॉक्टर, तपासण्या, सगळं नॉर्मल. चौथ्या दिवशी सासूबाईंच्या लक्षात आलं. थोरली आधी खायची, ती भांडं चाटून बाजूला झाली की मग धाकटी पुढे व्हायची, हा त्या दोघींचा आपसातला नियम. सासूबाईंनी थोरलीचं भांडं काढलं, त्यात दोन घास टाकले, धाकटीसमोर ठेवलं, जरा वेळाने उचलून घेतलं आणि मग तिचं ठेवलं. खाल्लं! महिनाभर आम्ही रोज हे नाटक केलं.

इटलीत ४२६ जणांना याबद्दल विचारलं होतं, ज्यांच्या घरी एकाहून जास्त कुत्री होती आणि त्यातलं एक गेलं अशांना. २०२२ साली ते छापून आलं. ८६ टक्के लोकांनी सांगितलं की मागे राहिलेल्याचं वागणं बदललं: खाणं कमी, खेळणं कमी, झोप जास्त, सारखं अंगाला चिकटणं. अर्थात हे मालकांनी सांगितलेलं, आणि मालकही दुःखातच असणार. पण मी त्या ८६त बिनदिक्कत बसते.

*

जरा वेगळं बोलतो, रागावू नका. ‘तो आमचा मुलगाच होता’ हे मला पटत नाही. मला दोन मुलं आहेत, ती कुत्र्यासारखी नाहीत आणि कुत्रा मुलांसारखा नव्हता. मुलं मोठी होऊन निघून जातात, तशीच ती वाढवायची असतात. हा चौदा वर्षं दाराशीच होता. मुलाचा दर्जा दिल्याशिवाय त्याच्या जाण्याला किंमत येत नाही का?

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक जुनं दफन सापडलं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्याबरोबर एक कुत्र्याचं पिल्लू, जेमतेम सात महिन्यांचं. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून अलीकडे अभ्यासकांनी काढलं की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा आजार झाला असावा, आणि कुणी निगा राखल्याशिवाय ते त्यातून इतके दिवस तगलं नसतं. डिस्टेंपरचं पिल्लू मी पाहिलंय. उलट्या, जुलाब, झटके. शिकारीला उपयोग शून्य. शेती नव्हती, घर नव्हतं, आणि कुणीतरी त्याचं तोंड पुसत बसलं होतं. त्यांच्याकडे या नात्याला काय शब्द होता कोण जाणे. ‘मुलगा’ नसावा असं माझं मत.

*

आम्ही बाराव्या दिवशी दुसरा आणला. होय, बाराव्या. लोक बोलले. नव्याला अजून जुन्याच्या नावाने हाक जाते आणि तो येतोही, बिचारा.

*

माझी मेली नाही, हरवली. वादळी पावसात वीज कडाडली, फाटकाखालून निसटली, ती गेलीच. शोधशोध शोधली. मेलेल्याचं ठरलेलं तरी असतं, माझं ठरेना. रडायला बसलं की वाटायचं, ती कुठेतरी जिवंत असेल आणि आपण इकडे तिला मारून मोकळे झालो.

जपानमधल्या हाचिको नावाच्या कुत्र्याची गोष्ट लोक मला मुद्दाम सांगायचे. त्याचे मालक, एक प्राध्यापक, मे १९२५ मध्ये वारले आणि तो मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत राहिला. मी म्हणायचे, माझ्याकडे उलटं आहे, स्टेशनवर मी बसलेय. दोन वर्षं फाटकाची कडी लावली नाही. एका रात्री शेजारचं वासरू आत शिरून सगळी रोपं खाऊन गेलं. दुसऱ्या दिवशी कडी लावली. निर्णय वगैरे काही नव्हता, रोपं वाचवायची होती.

*

पुन्हा मीच, शेरूवाला. सगळं वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. डॉक्टरबाई, तुमचं ते पाऊण कामाचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं. ती गेले दोन महिने स्वतःला दोष देत होती हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, मीच देतोय.

काल रात्री वीज गेली. मेणबत्ती शोधायला दोघं उठलो, मी पुढे, ती मागे. उंबऱ्यापाशी माझा पाय नेहमीप्रमाणे उचलला गेला. मागे वळून पाहिलं, तर झरोक्यातून येणाऱ्या उजेडात तिचाही पाय अधांतरी होता.