प्रतिसाद: बीएमआय ३९.८ असताना बॅरिॲट्रिकचा (वजन कमी करायच्या ऑपरेशनचा) विमा क्लेम

खानापूरच्या ताईंनी विचारलंय, हा क्लेम मंजूर होईल का? वजन १०२ किलो, उंची १६० सेंमी दिली आहे. बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) होतो ३९.८, विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरावीक कलमात (एक्सक्लूजन ०६, म्हणजे कोणता खर्च मिळत नाही ते सांगणारं) हवा किमान ४०. आधी उंची चप्पल काढून पुन्हा मोजून घ्या. १५८ भरली तर तोच आकडा ४०.९ होतो! मात्र सगळ्या कागदांवर एकच उंची हवी.

बीएमआय ४० नाहीच भरला तर किमान ३५ची वाट आहे, पण त्यासोबत गंभीर आजार लागतो : हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा औषधं घेऊनही आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. गुडघेदुखी त्या यादीत नाही, क्लेम बहुतेक तिथंच अडकतो. ॲप्नियाला स्लीप स्टडीचा रिपोर्ट, शुगरला एचबीए१सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) जुने-नवे रिपोर्ट जोडा. आहार-औषधांनी वजन उतरलं नाही हेही दाखवावं लागतं. गावातल्या डॉक्टरांच्या तारखेच्या चिठ्ठ्या इथंच कामी येतात, टाकू नका.

पॉलिसी घेताना शुगर लपवली असेल तर अवघड आहे. वेटिंग पिरियड (किती काळ क्लेम मिळत नाही तो) पॉलिसीतच बघा. आणि आपल्याकडचा नेहमीचा घोळ : आधारवर नुसती आद्याक्षरं, पॉलिसीवर पूर्ण नाव. ते ॲडमिट व्हायच्या आधीच जुळवा. हॉस्पिटल बेळगावचं असो वा कोल्हापूरचं, कॅशलेस यादीत (जिथं बिल विमा कंपनी परस्पर भरते) आहे ना, ते टीपीएला (कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या संस्थेला) विचारा.