आखेनला शिकायला निघाले आहे. अभ्यास सांभाळून फिरायचे कसे?

पौडफाटा यांचा प्रश्न:

नमस्कार. यंत्र अभियांत्रिकीची पदवी हाती आली असून येत्या सप्टेंबरच्या अखेरीस मी दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतील आखेनला जात आहे. प्रवेश, व्हिसा, जर्मनची बी-१ परीक्षा हे सोपस्कार उरकले आहेत. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आगाऊ भरून ठेवायच्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो भरले आहेत, म्हणजे महिन्याकाठी ९९२ युरो मिळतील आणि त्यातच खोलीचे भाडे, आरोग्यविमा व जेवणखाण बसवायचे आहे.

घरात सध्या वाद चालू आहे तो वेगळ्याच गोष्टीवरून. बाबांचे म्हणणे असे, की कर्ज काढून शिकायला जाणाऱ्याने पदवी मिळेपर्यंत फिरण्याचे नाव काढू नये. आत्या दोन वर्षांपूर्वी एका सहलीबरोबर बारा दिवसांत सात देश पाहून आली; तिने मला 'अवश्य पाहावे' अशा ठिकाणांची दोन पानी यादी दिली आहे आणि तीत आखेनचे नाव नाही. माझ्याबरोबर निघालेल्या चौघांचा बेत नाताळच्या सुट्टीत दहा दिवसांत पॅरिस, ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, प्राग आणि व्हिएन्ना करण्याचा आहे.

मला यादी पुरी करण्याची हौस नाही. पण दोन वर्षे राहून खोली, वर्ग आणि ग्रंथालय एवढेच पाहून परत यायचे, हेही मनाला पटत नाही. तिथे राहून आलेल्यांनी कृपया सांगावे, की शनिवार-रविवारी थोड्या पैशांत खरोखर काय पाहता येते, नाताळच्या त्या बेतात सामील व्हावे का, आणि रोजच्या व्यवहारात नवखा माणूस कुठे फसतो?

एकेकाळचा आखेनकर (हल्ली मुक्काम बाणेर) यांचे उत्तर:

तुमच्या आत्याबाईंच्या यादीत आखेन नाही याचे वाईट वाटले, आश्चर्य मात्र वाटले नाही. मी २०२२ ते २०२४ या काळात तिथे शिकत होतो आणि पहिले चार महिने ते शहर म्हणजे खोली व प्रयोगशाळा यांमधला रस्ता, एवढीच माझी समजूत होती.

आधी तिकिटाचे सांगतो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. मे २०२३ मध्ये डॉइचलँडटिकेट नावाचे मासिक तिकीट ४९ युरोंना सुरू झाले. जानेवारी २०२५ पासून त्याचे ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाले. त्यावर देशभरातील शहरी बस, ट्राम, मेट्रो, लोकल आणि प्रादेशिक रेल्वेगाड्यांनी हवे तितके फिरता येते. फक्त आयसीई, आयसी यांसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना ते चालत नाही. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी ते सवलतीच्या दरात सेमिस्टरच्या शुल्कातच धरलेले असते. म्हणजे तुम्ही फिरा अथवा खोलीत बसा, पैसे गेलेलेच असतात, हा मुद्दा बाबांपुढे मांडून पाहा.

सुरुवात पायी करा. आखेनच्या कॅथीड्रलचा गाभा म्हणजे सम्राट शार्लमेनने इसवी सन ८०० च्या सुमारास बांधून घेतलेले अष्टकोनी प्रार्थनामंदिर. ८१४ मध्ये त्याला तिथेच पुरले, आणि पुढे ९३६ ते १५३१ पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक तिथे होत राहिले. युनेस्कोने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली बारा स्थळे निवडली, त्यांत हे एक होते. तिथून काही मिनिटांच्या अंतरावर एलिझेनब्रुनेन हा कारंजाचा मंडप आहे, जिथे गंधकाचे गरम पाणी वाहते आणि नासक्या अंड्यांचा वास येतो. वज्रेश्वरीला जाऊन आलेल्या माणसाला तो वास घरचाच वाटेल. शहराच्या कडेला जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमा एका टेकडीवर मिळतात. फाल्झरबर्ग हे तिचे नाव, उंची ३२२ मीटर, आणि नेदरलँड्सच्या युरोपातील भूमीवर याहून उंच जागा नाही. आपले पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, हे मी माझ्या डच सहाध्यायाला सांगितले तेव्हा तो थोडा नाराज झाला होता.

प्रादेशिक गाडीने साधारण तासाभरात कोलोन येते. स्थानकाच्या दारातून बाहेर पडताच कॅथीड्रल समोर उभे असते. १२४८ मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम सोळाव्या शतकात थांबले, अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन शेकडो वर्षे तशीच उभी राहिली आणि काम १८८० मध्ये पुरे झाले. आपल्याकडच्या रेंगाळलेल्या उड्डाणपुलांविषयी तेव्हापासून मी जरा सौम्य बोलतो. दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. सिंहगड चढणाऱ्याने घाबरू नये.

माझे सर्वांत आवडते ठिकाण मात्र वुपर्टाल. आखेनहून तिथे थेट प्रादेशिक गाडी जाते. त्या शहरात १९०१ पासून रुळाला खालून लटकत धावणारी गाडी आहे. तिचा मार्ग १३.३ किलोमीटरचा असून बराचसा वुपर नदीच्या पात्रावरून जातो. १९५० मध्ये एका सर्कसने जाहिरातीसाठी हत्तीचे पिल्लू या गाडीत बसवले. ते बिथरले, डब्याची भिंत फोडून खाली नदीत पडले आणि किरकोळ दुखापतीवर बचावले. आपण शिकत असलेल्या यंत्रशास्त्राचा असा नमुना रोज हजारो माणसांना कामावर नेताना पाहायला मिळतो, आणि तुमच्या तिकिटात त्याचे वेगळे पैसेही पडत नाहीत. आता हे फिरणे आहे की अभ्यास, ते बाबांनी ठरवावे.

फसण्याविषयी दोन गोष्टी. काही प्रादेशिक गाड्यांचे वाटेत दोन भाग होतात. पुढचे डबे एकीकडे जातात, मागचे दुसरीकडे. मी एका शनिवारी ऱ्हाइन नदी पाहायला निघालो आणि मागच्या डब्यात डुलक्या काढत बसलो. जाग आली तेव्हा नदीच्या जागी बीटाची शेते होती आणि डब्यात माझ्याखेरीज एक आजी व तिचा कुत्रा एवढेच उरले होते. फलाटावरच्या फलकावर कोणता भाग कुठे जाणार हे लिहिलेले असते. ते वाचण्यापुरते जर्मन तुम्हाला येतेच. दुसरे, दुकाने रविवारी बंद असतात. दुपारी एक ते चारचा विनोद इथे कोणीतरी करीलच, पण तिथे तो कायदा आहे. मी शनिवारी रात्री पोहोचलो होतो आणि माझा पहिला रविवार आईने दिलेल्या दशम्या व शेंगदाण्याच्या चटणीवर गेला. मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकाने उघडी असतात, हे मला सोमवारी कळले.

नाताळच्या दहा दिवसांत पाच देश हा बेत मात्र मुळीच करू नका. फेब्रुवारीत परीक्षा असतात.

सहकारनगरची आई यांचे उत्तर:

माझा मुलगा सध्या तिकडेच दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे मी फक्त घरच्या बाजूने लिहिते. आमच्याकडेही 'शिकायला गेला आहेस' हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येई. उन्हाळ्यात आपले घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते आणि हिवाळ्यात साडेचार. हे 'हे' विसरायचे आणि तो बाहेर असताना फोन करून कुठे भटकतो आहेस म्हणून विचारायचे. तू जाण्यापूर्वीच फोनची वेळ दोन्ही ऋतूंसाठी ठरवून दे, म्हणजे निम्मे वाद होणारच नाहीत.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे तिथे तीन आठवडे राहिलो. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की ती परत मिळते. आपल्याकडे बाटलीवरच 'वापरानंतर चिरडून टाका' असे लिहिलेले असते, म्हणून यांनी पंधरा दिवसांच्या सगळ्या बाटल्या इमानेइतबारे चिरडून पिशवीत भरून ठेवल्या होत्या. यंत्र त्यांवरची खूण वाचू शकेना आणि एकेक बाटली परत बाहेर टाकू लागले. मागे रांग लागलेली. शेवटी मुलाने आणि यांनी तिथेच उभे राहून बाटल्यांत फुंकर मारून त्या फुगवल्या, आणि निम्म्याहून अधिक यंत्राने स्वीकारल्या. कोलोनच्या मनोऱ्यापेक्षा ही गोष्ट हे आल्यागेल्याला जास्त रंगवून सांगतात.

आणखी एक. रात्री दहानंतर आवाज करायचा नसतो. मुलाने सव्वादहाला मिक्सरवर खोबऱ्याची चटणी वाटली, तर सकाळी दाराला चिठ्ठी. ती इतकी सभ्य आणि इतकी झोंबणारी होती, की लिहिणारी व्यक्ती मूळची सदाशिव पेठेतील असावी असा मला दाट संशय आहे.

खर्चाचे म्हणशील तर आमचा मुलगा दर रविवारी डबा घेऊन निघतो आणि खर्च वहीत लिहितो. वडिलांना ती वही दिसते, म्हणून ते गप्प असतात. त्यांचे मत बदलले आहे असे मी म्हणणार नाही.

जुना जर्मनवाला यांचे उत्तर:

बाणेरकरांनी उत्तम माहिती दिली आहे, तरी नाताळच्या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही. पाच शहरे दहा दिवसांत पाहणे हा हमालीचा प्रकार आहे, हे खरेच. परंतु म्हणून त्या दिवसांत खोलीतच बसावे असे नाही. दुसऱ्या वर्षी प्रबंधाचे काम सुरू झाले की मोकळे दिवस सापडत नाहीत. त्यामुळे पाचांपैकी एक शहर निवडावे आणि तिथे चार दिवस राहावे. जर्मनीचा निवास परवाना असलेल्या विद्यार्थ्याला शेंगेन क्षेत्रातील (आपसांतील सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील) इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येते. मात्र पासपोर्ट आणि परवाना जवळ हवा. सीमेवर चौकी दिसत नाही, म्हणून अनेक मुले पासपोर्ट खोलीवर ठेवून जातात आणि गाडीत तपासणी झाली की त्यांची बोबडी वळते.

पुणेकराने आवर्जून पाहावी अशी दोन गावे सांगतो, जी कोणत्याही सहल कंपनीच्या यादीत एकत्र सापडणार नाहीत. पहिले ब्रेमेन. विद्यापीठाकडून औंधला जाताना लागणाऱ्या ब्रेमेन चौकाचे नाव ज्या शहरावरून पडले, ते हे. तिथल्या नगरभवनासमोर शार्लमेनचा दंतकथेतला सरदार रोलांड याचा १४०४ सालचा पाषाणपुतळा उभा आहे आणि २००४ पासून ही दोन्ही जागतिक वारशात आहेत. नगरभवनाच्या बाजूला गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकमेकांच्या पाठीवर उभे असलेले १९५३ चे कांस्यशिल्प आहे. गाढवाचे पुढचे दोन्ही पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची असते. एकाच हाताने धरले तर दोन गाढवे हस्तांदोलन करत आहेत असे स्थानिक लोक म्हणतात, तेव्हा जपावे. गंमत अशी, की ग्रिम बंधूंच्या ज्या गोष्टीतले हे प्राणी आहेत, त्या गोष्टीत ते ब्रेमेनला कधी पोहोचतच नाहीत. आखेनहून प्रादेशिक गाड्या बदलत जायचे तर आपलेही तसेच होईल की काय असे वाटू लागते. मुक्कामाच्या तयारीनेच निघावे.

दुसरे डेसाऊ. बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनात आपल्यापैकी कित्येकांनी जर्मनची मुळाक्षरे गिरवली, पण ज्यांच्या नावाची ती पाटी आहे, त्यांचा जन्म १८२३ मध्ये या गावात झाला हे फारसे कोणाला ठाऊक नसते. सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड संपादित करून प्रसिद्ध करण्यात त्यांनी १८४९ ते १८७४ ही पंचवीस वर्षे घातली. भारतात मात्र ते एकदाही आले नाहीत. त्याच गावात वॉल्टर ग्रोपिअसने रचलेली बाउहाउस या कला व वास्तुरचनेच्या शाळेची १९२६ मधील इमारत आहे. यंत्र आणि रूप यांचा मेळ कसा घालावा या प्रश्नात अभियंत्याला रस असेल, तर काचेच्या त्या भिंतीपुढे एक दिवस पुरत नाही. बर्लिन किंवा लाइपझिगला जाल तेव्हा तिथून जावे. केवळ डेसाऊसाठी आखेनहून निघणे परवडत नाही.

पौडफाटा:

सर्वांचे मनापासून आभार. तिकिटाचा मुद्दा बाबांना सांगितला. त्यांनी सेमिस्टर शुल्काची पावती मागवून स्वतः वाचली आणि 'मग वाया घालवू नकोस' एवढेच म्हणाले. नाताळात फक्त प्राग करावे असा प्रस्ताव मी त्या चौघांपुढे ठेवला आहे. दोघांना तो मान्य आहे, बाकी दोघे अजून पाच शहरांवर अडून आहेत. काका, चार वर्षे मी औंधला बसने येत-जात होते, पण चौकाचे ते नाव कुठून आले हा प्रश्न मला कधी पडला नाही. या रविवारी तो आधी नीट पाहून येते. एकच शंका उरली आहे: नातेवाइकांसाठी सुटे तिकीट काढले, तर ते यंत्रावर छापून घ्यावे लागते असे ऐकले, ते खरे आहे का?

एकेकाळचा आखेनकर:

कागदी तिकिटाच्या बाबतीत अनेक शहरांत खरे आहे. बर्लिनमध्ये आणि म्युनिकमध्ये चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. तिकीट विकत घेतलेले असूनही शिक्का नसेल तर ६० युरो दंड होतो. माझ्या मावशीने तो भरला आहे. ब्रेमेन चौकात मात्र बसनेच जा, तिथे गाडी उभी करायला जागा मिळत नाही.