काळजीवाहकाचा ताण मोजायचा, की थेट गरज विचारायची?

निरगाठ
रुग्णाचं घरी करणाऱ्या माणसाच्या हातात डिस्चार्जच्या वेळी झारिटची प्रश्नावली ठेवतात, काळजी घेण्याचं ओझं किती वाटतं ते मोजणारी. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, बेरीज ८८ पैकी. ४१ ते ६० आली की 'मध्यम ते तीव्र' असा शेरा मारायचा आणि कागद फाइलीत. ही बेरीज बंद करा, असं माझं मत. समजा दोघींची बेरीज ३८ आली. एकीला पैसे पुरत नाहीत, दुसरीला अंघोळीला माणूस उठवायचा कसा तेच कळत नाही. आकडा एक, मदत साफ वेगळी. त्यापेक्षा 'सीएसनॅट'सारखी गरजांची यादी घ्या: औषधं देणं, साहित्य, अडचणीला फोन कोणाला करायचा, रात्रीची सुटका. प्रत्येकापुढे एकच प्रश्न, आणखी मदत हवी का आणि किती.

आकडेमोड
अजिबात पटलं नाही. गरज विचारा, "आमचं चाललंय ठीक" हेच ऐकायला मिळेल. मदत म्हणून काय मिळू शकतं हेच ठाऊक नसेल तर माणूस मागणार काय? शिवाय तुमची यादी मुळात आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी बनवलेली. आणि आकडाच नसेल तर तीन महिन्यांनी फरक पडला हे कशावरून म्हणायचं? २२ प्रश्न जड होत असतील तर १२ ची छोटी आवृत्ती आहेच, ४८ गुणांची.

निरगाठ
त्या छोटीत पैशाचा प्रश्न गळलाय, बघा. आणि 'मी आणखी करायला हवं', 'याहून चांगलं करता आलं असतं' हे दोन मात्र राहिलेत. म्हणजे ४८ पैकी ८ गुण अपराधीपणाचे! रात्रीला मदतनीस लावली म्हणून ते उतरतीलच असं नाही, कधी चढतातही. झोपेबद्दल तर झारिटमध्ये थेट प्रश्नच नाही.

दुसरी_पाळी
तुम्ही दोघं कागदावरून भांडताय, घोटाळा विचारण्यात आहे. रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून "आईंचं ओझं वाटतं का?" विचारलं तर शून्यच येणार. आपल्या माणसाचं कसलं ओझं! 'जड जातं का', 'दमछाक होते का' असं विचारलं की उत्तरं मोकळी होतात; पण शब्द बदलले की ४१ सारख्या जुन्या मर्यादा तशाच लावता येत नाहीत, त्या नव्याने तपासाव्या लागतात. आणि रिकामी सोडलेली जागा शून्य धरू नका. नेमका टोचणारा प्रश्नच सुटलेला असतो. तो तोंडी, एकांतात पुन्हा विचारा.

आकडेमोड
ओझ्याचं मान्य. मग सीएसआय घ्या, काळजीवाहकाचा ताण मोजणारी दुसरी प्रश्नावली: १३ प्रश्न, हो किंवा नाही, पहिलाच झोपेचा. ७ 'हो' आले की गरजांची यादी काढा.

निरगाठ
आणि ६ आले तर घरी जा? यादी सगळ्यांना द्या, आकडा तीन महिन्यांच्या नोंदीपुरता ठेवा.

आकडेमोड
सगळ्यांना द्यायला माणसं कुठून आणणार?

दुसरी_पाळी
माणसं कमी असतील तर यादीतल्या दोनच गोष्टी धरा, पण कोणत्या ते काळजी घेणाऱ्यालाच ठरवू द्या. समोरच लिहा: कोण करणार, कोणत्या तारखेला परत विचारणार. दहा ठिकाणी 'हवी' लिहून घेतलं आणि नंतर कोणी फिरकलंच नाही, तर पुढच्या वेळी सगळीकडे 'नको' येतं. मग तुम्ही म्हणणार, ताण उतरला.