सात महिन्यांच्या बाळाला डेव्हलपमेंटल खेळणी खरंच लागतात का?

रेवूची_आई

नमस्कार मंडळी, बाळ झाल्यापासून इथे नुसतं वाचायलाही वेळ मिळत नाही, लिहिणं तर लांबच. लेक गेल्या आठवड्यात ७ महिन्यांची झाली. नणंदेने बारशाला एका डेव्हलपमेंटल टॉय बॉक्सचं सबस्क्रिप्शन दिलंय, दर दोन महिन्यांनी खोका येतो, आत पाच-सहा लाकडी खेळणी आणि एक कार्ड. सहज किंमत बघितली तर एका खोक्याचे साडेचार हजार!! वर्षभराचे पैसे तिने भरलेत, पण उरलेले खोके रद्द करून पैसे परत मिळतात. आमच्या वेळी एक खुळखुळा आणि पाळण्यावरचं चिमणाळं यात दोन पोरं वाढली असं सासूबाई रोज ऐकवतात (टोमणा नणंदेला आहे की मला ते अजून कळलेलं नाही).

आताच्या खोक्यात एक लाकडी डबा आलाय, वर भोक, त्यात बॉल टाकायचा की तो खालच्या ट्रेमधून बाहेर येतो. कार्डावर लिहिलंय की बाळ आता आधाराशिवाय बसेल, बॉल भोकात टाकेल आणि कुठे गेला ते शोधेल. आमच्याकडे बॉल चाटला जातो आणि डबा ढकलला जातो. बसायचं म्हणाल तर मागची उशी काढली की पोत्यासारखी कलंडते. आणि खेळते कशाशी तर आमटीच्या वाटीशी. काल बघत बसले होते, वाटी उजव्या हातात, मग डाव्या हातात, मग तोंडात, मग परत उजव्या हातात, मधेच आत काहीतरी हललेलं दिसलं तर एकदम थांबली आणि भुवया वर करून स्वतःकडेच बघत राहिली. दहा मिनिटं हेच. दुसरं आवडतं खेळणं म्हणजे दुधाची रिकामी पिशवी, चुरचुर वाजते म्हणून.

तर प्रश्न असा की पुढचे खोके बंद करू का, आणि ही मागे तर पडत नाहीये ना? रात्री ते कार्ड घेऊन बसते आणि मलाच परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं. हो, ३४व्या आठवड्यात झालीय, ९ दिवस काचेच्या पेटीत होती, पण आता वजन वगैरे सगळं छान आहे.

खटपट्या_बाबा

बंद करा आणि त्या पैशात स्वतः कुठेतरी फिरून या. तो बॉलचा डबा मी घरी केलाय, बुटाचा खोका घेतला, वर वाटी ठेवून गोल आखला, कटरने कापला, आत पुठ्ठ्याचा उतार फेव्हिकॉलने चिकटवला आणि टेबल टेनिसचा बॉल दिला, खर्च शून्य, रविवारची एक दुपार गेली आणि बायको म्हणाली एवढ्या वेळात कपाट आवरून झालं असतं. पोरगा ११ महिन्यांचा आहे, दिवसातून पन्नास वेळा बॉल टाकतो.

खोके चालूच ठेवले तर खेळण्यावर आयएसआय मार्क आहे का तेवढं बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना तो सक्तीचा आहे. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या एखाद्या लाकडी खेळण्यावर मार्क दिसला नाही तर लगेच बनावट समजू नका. पण रंग मात्र ओल्या फडक्याने घासून बघायचा. आम्ही घेतलेल्या एका रिंगचा लाल रंग पोराच्या हिरड्यांवर उतरला होता, दात येताना रक्त आलं समजून आम्ही रात्री साडेअकराला डॉक्टरांना फोन केला!

फिजिओताई

रेवूच्या आई, तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटच्या ओळीत लिहिलीत. मी लहान मुलांची फिजिओ आहे, आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असतो, किती आठवड्यांचं झालं. ४० मधून ३४ गेले, राहिले सहा आठवडे, म्हणजे दीड महिना. विकासाच्या हिशोबात तुमची लेक ७ नाही, साडेपाच महिन्यांची आहे. दोन वर्षांची होईपर्यंत वय असंच मोजायचं (लसी मात्र जन्मतारखेनेच). साडेपाच महिन्यांचं बाळ उशी काढल्यावर कलंडणारच. खोका पाठवणाऱ्याकडे फक्त जन्मतारीख असते, त्याला हे कसं कळणार.

आता वाटी. एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेणं हे साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतं, आम्ही तपासताना मुद्दाम तेच बघतो. तुमची लेक ते करतेय आणि तुम्ही कार्ड वाचताय!

बॉलच्या डब्याचं सांगायचं तर धरणं आधी येतं, मुद्दाम सोडणं बरंच नंतर. ठरवून मूठ उघडून नेमक्या जागी वस्तू टाकणं वर्षाच्या आसपास जमायला लागतं, ११ महिन्यांच्या पोराला जमतंय आणि हिला नाही यात नवल काही नाही. दिसेनाशी झालेली वस्तू आहेच, फक्त झाकली गेलीय, ही समज साधारण आठव्या-नवव्या महिन्यात दिसते, तेव्हा चमचा रुमालाखाली लपवून बघा. आणि बुवा कुक आत्तापासून खेळा, तोच धडा आहे आणि फुकट आहे.

दुधाची पिशवी आजच्या आज बंद, नाकातोंडावर चिकटली तर बाळाला काढता येत नाही. खटपट्या, तुमचा बॉलही बदला. टेबल टेनिसचा बॉल ४० मिलिमीटरचा असतो, अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात ४४.५ मिलिमीटरपेक्षा लहान बॉल चालत नाही, गोल वस्तू घशात बसली की हवेला वाटच राहत नाही.

खेळण्यांपेक्षा जमिनीवर सतरंजी अंथरून पालथं झोपवा, जागी असताना आणि तुम्ही समोर असताना, थोडं थोडं करत दिवसाला अर्धा तास तरी. वाटी हाताच्या जरा पुढे ठेवायची. एकच हात कायम मूठ करून ठेवते, आवाजाकडे मान वळवत नाही, अंग फार कडक किंवा फार लुळं वाटतं, असं काही असेल तर थांबू नका. नसलं तरी पेटीत राहिलेल्या बाळाची फॉलोअप तपासणी आणि कानाची तपासणी झालीय ना ते फाइलमध्ये बघा.

खटपट्या_बाबा

बॉल आत्ताच पट्टीने मोजला. ४०. काढून टाकला. पोरगं रडतंय, त्याला मोज्यांचा गोळा करून दिलाय पण तो उतारावरून घरंगळत नाही.

पालघरची_मावशी

मी बालवाडीत बरीच वर्षं काढली. आमच्या भागात ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांनी ते कोसबाडला वाढवलं, परदेशी महाग साधनं परवडणारी नव्हती म्हणून बिया, शिंपले, पानं, खडे यांचीच शैक्षणिक साधनं केली. आम्ही त्यातच शिकलो, त्यामुळे साडेचार हजार ऐकून हसायला आलं हो. पण एक सांगते, ते सगळं बालवाडीच्या वयासाठी. इथे कुणी तरी नक्की लिहील की चिंचोके द्या, गोट्या द्या, तर अजिबात देऊ नका, या वयात सगळं तोंडात जातं.

आणि खोक्यातून किंवा मामाकडून वॉकर आला तर परत पाठव गं बाई. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो पोर स्वतः उभं राहून ढकलतं. वॉकरमध्ये नुसतं लोंबकळायचं आणि पायाच्या बोटांनी रेटायचं.

टोरांटोकर

वॉकरबद्दल मावशींना +१. इथे कॅनडात २००४ पासून त्याच्यावर बंदी आहे, जुना विकायलाही परवानगी नाही, जिन्यावरून पोरं पडायची म्हणून. माझी आई पुण्याहून बॅगेत घालून आणणार होती, कसंबसं थांबवलं.

पण खोक्यांबद्दल मी वेगळं बोलणार. आम्ही घेतले आणि मला पश्चात्ताप नाही. इकडे डिसेंबरात बाळ झालं, बाहेर बर्फ, घरात आम्ही दोघंच, त्यात नवरा दिवसभर ऑफिसला. तुम्हाला सासूबाई टोमणे मारतात पण वाटी कुणीतरी हातात देतं ना, मला सात महिन्यांच्या बाळाशी दिवसभर काय बोलायचं हेच कळत नव्हतं, त्या कार्डामुळे निदान सकाळी उठून काय करायचं ते ठरायचं. म्हणजे खोका माझ्यासाठीच होता म्हणा.

दिवे लागणारी, बटण दाबलं की गाणारी खेळणी मात्र मी काढून टाकली. अमेरिकेत २०१६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात २६ आईबापांचं बाळाशी खेळतानाचं घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, इलेक्ट्रॉनिक खेळण्यांबरोबर ते मिनिटाला साधारण ४० शब्द बोलले, चित्रांच्या पुस्तकांबरोबर ६७. खेळणं बोलायला लागलं की आपण गप्प बसतो, हे मी स्वतःच्या घरात बघितलंय. शिवाय त्यातले नाण्यासारखे चपटे बटण सेल, झाकणाला स्क्रू नसेल तर घरात ठेवूच नका, गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

रेवूची_आई

सगळ्यांचे खूप आभार, फिजिओताई तुमचं वाचून मी चक्क रडले. हा साडेपाच महिन्यांचा हिशोब मला डिस्चार्जच्या वेळी कुणीच सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल पण तेव्हा मी ऐकण्याच्या स्थितीत नव्हते. फाइल काढून बघितली, कानाची तपासणी झालीय, फॉलोअपची तारीख मात्र मागच्याच महिन्यात गेली, सोमवारी नंबर लावलाय. पिशवी काल फेकली, त्यावरून जरा रडारड झाली, मग एक जुनी कॉटनची ओढणी दिली.

टोरांटोकर, तुमचं पटलं, मी पण ते कार्ड दुपारी घर रिकामं असताना वाचायचे तेव्हा बरं वाटायचं, रात्री वाचलं की त्रास. सध्या पुढचा एकच खोका येऊ देतेय आणि दीड महिना उशिरा उघडणार आहे.

बॉलचा डबा माळ्यावर ठेवायला काढला होता तर सासूबाईंनी मधेच पकडला. आता तो ओट्यावर आहे, वरच्या भोकातून लसूण आत टाकतात आणि खालच्या ट्रेमधून सोलायला घेतात. नणंद रविवारी येतेय, त्याआधी धुवून वास घालवायचाय, कुणाला लाकडाचा लसणाचा वास कसा जातो माहीत असेल तर सांगा.