जननेंद्रियावरील नागीण आणि तुंबलेली लघवी

प्रश्न:
चार दिवसांपूर्वी माझ्या वडिलांच्या (वय ६४) उजव्या कुल्ल्यावर आणि जननेंद्रियाच्या उजव्या बाजूला पाण्याने भरलेले बारीक फोड आले. डॉक्टरांनी नागिणीचे निदान करून गोळ्या सुरू केल्या. कालपासून मात्र जोर करूनही लघवी थेंब थेंबच होते, शौचालाही झालेली नाही आणि ओटीपोट फुगलेले आहे. संकोचामुळे ते डॉक्टरांना हे सांगू देत नाहीत. हा नागिणीचाच परिणाम असेल, की प्रोस्टेटचा वेगळा त्रास?

उत्तर १:
नागिणीचा परिणाम असू शकतो, आणि कारण कोणतेही असले तरी त्यांना आजच रुग्णालयात न्यावे. कांजिण्यांचा विषाणू बरे झाल्यावरही मज्जारज्जूलगतच्या चेतागाठींत सुप्त राहतो व पुढे जागा झाला की एकाच बाजूच्या चेतातंतूंवरून त्वचेपर्यंत येतो. म्हणूनच फोड सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडत नाहीत. जननेंद्रियाभोवतालच्या त्वचेची संवेदना आणि मूत्राशयाचे आकुंचन या दोन्हींसाठी त्रिकास्थीतील (कण्याच्या तळाच्या हाडातील) दुसऱ्या ते चौथ्या चेता काम करतात, त्यामुळे तेथे दाह झाल्यास मूत्राशय भरूनही आकुंचन पावत नाही, आणि बद्धकोष्ठताही होते. सोनोग्राफीत साठलेली लघवी दिसते. ती कॅथेटरने (मूत्रमार्गातून घातलेल्या नळीने) काढतात. या वयात प्रोस्टेटही तपासून घ्यावे.

उत्तर २:
मला हाच त्रास झाला होता. पाच आठवडे कॅथेटर वापरावा लागला, नंतर लघवी पूर्ववत झाली. त्याहून जास्त सलला तो संशय, कारण सुरुवातीला जननेंद्रियाची हर्पिस (लैंगिक संबंधातून पसरणारा वेगळा आजार) समजून मला नको ते प्रश्न विचारले गेले. फोडातील द्रवाच्या पीसीआर चाचणीने नागीण सिद्ध झाली. ती लैंगिक संबंधातून होत नाही, हे वडिलांना आवर्जून सांगा.

उत्तर ३:
एक गोष्ट राहिली. असायक्लोव्हिरसारख्या विषाणूरोधक गोळ्यांचा डोस मूत्रपिंडाच्या कार्यानुसार ठरतो, म्हणून लघवी अडल्याचे डॉक्टरांपासून लपवणे धोक्याचे आहे. दोन्ही पायांत अशक्तपणा, मान ताठरणे किंवा गोंधळलेपणा दिसल्यास तेही लगेच सांगावे. खपल्या धरेपर्यंत, कांजिण्या न झालेल्या गर्भवतीने फोडांना स्पर्श करू नये.

प्रश्नकर्ता:
दुसरे उत्तर वाचून दाखवल्यावर वडील लगेच तयार झाले. कॅथेटर घातल्यावर ७०० मिलीहून अधिक लघवी निघाली. मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा अहवाल उद्या मिळेल, तोपर्यंत त्यांना रुग्णालयातच ठेवले आहे.